‘गल्ली बॉय’मध्ये वाजले, पण ओळख कमावली आरेच्या गाण्यानं : मुंबईच्या ‘स्वदेसी’ रॅप ग्रुपची गोष्ट

घाटकोपरला मेट्रो पकडायची. मरोळ नाक्याला उतरून खाली भुयारी मेट्रोत जायचं. एमआयडीसी, सीप्झ आणि तिसरं स्टेशन आलं की गाडी संपते. शेवटच्या स्टेशनचं नाव, आरे जेव्हीएलआर.

घाटकोपरवाल्यांना आता हा प्रवास सवयीचा झालाय. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा हे बरं, असं प्रत्येक जण म्हणतो आणि ते खरंही आहे.

पण हे स्टेशन सुरू व्हायच्या पाच वर्षं आधी याच आरेवर एक रॅप गाणं आलं होतं. इथल्या आदिवासी पाड्यांबद्दलचं, इथल्या झाडांबद्दलचं, तेही मराठीत. गाण्याचं नाव ‘द वारली रिव्हॉल्ट’ आणि ग्रुपचं नाव ‘स्वदेसी’.

‘गल्ली बॉय’ सगळ्यांनी पाहिला. ‘अपना टाइम आएगा’ आजही गणपतीच्या मिरवणुकीत वाजतं. पण त्याच सिनेमात आवाज असलेल्या पोरांचा हा ग्रुप फार कमी जणांना माहीत आहे. म्हणूनच आज गोष्ट ‘स्वदेसी’ची. हा ग्रुप कसा उभा राहिला, गाजला कशामुळे आणि ऐन भरात असताना त्यानं काय गमावलं, ते बघू.

आधी बेसिक : हिपहॉप म्हणजे काय?

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका बिल्डिंगमध्ये पार्टी होती. गाणी लावायला होता डीजे कूल हर्क. गाण्यातला फक्त ठेक्याचा तुकडा तो दोन रेकॉर्ड प्लेअरवर पुन्हा पुन्हा वाजवायचा, म्हणजे लोकांना जास्त वेळ नाचता यायचं. त्या ठेक्यावर कुणीतरी माईक घेऊन यमकात बोलायला लागलं आणि त्यातून रॅप वाढत गेला. हिपहॉपचा जन्म याच पार्टीत झाला, असं मानतात.

रॅप करायला हार्मोनियम लागत नाही, क्लास लागत नाही. गळा गोड असावा अशीही अट नाही. ठेका आणि सांगायला काहीतरी असलं की झालं. त्यामुळे जगात जिथे जिथे गरीब वस्त्या आहेत, तिथे तिथे हा प्रकार रुजला. त्याला मुंबई तरी कशी अपवाद असेल?

सुरुवातीला इथली पोरं इंग्लिशमध्ये रॅप करायची, अमेरिकन रॅपरसारखे उच्चार काढायची. मग हळूहळू त्यांना कळलं की आपण नाक्यावर ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेत रॅप केला तर समोरचा मान डोलावतो. अंधेरीच्या जेबी नगरचा डिवाइन, कुर्ल्याचा नेझी ही त्यातली मोठी नावं. २०१४ मध्ये नेझीचं ‘आफत’ आलं, २०१५ मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’ आलं आणि ‘गल्ली रॅप’ हा शब्द सगळीकडे गेला. तिकडे धारावीत ‘डोपएडेलिक्स’, ‘सेव्हन बंटाईझ’ असे ग्रुप उभे राहिले. डोपएडेलिक्सची पोरं तर २०१८ मध्ये थेट रजनीकांतच्या ‘काला’मध्ये दिसली.

मग ‘स्वदेसी’ वेगळी कशी?

‘स्वदेसी’ची सुरुवात २०१३ ची, म्हणजे ही सगळी लाट यायच्या आधीची.

‘स्वदेसी’ हा बँड नाही, ‘कलेक्टिव्ह’ आहे. बँडमध्ये एक जण गातो, एक जण गिटार वाजवतो, सगळे मिळून एकच गाणं करतात. कलेक्टिव्हमध्ये प्रत्येक जण स्वतंत्र कलाकार असतो. कुणी रॅपर, कुणी बीट बनवणारा. हवं तेव्हा एकत्र येतात, हवं तेव्हा आपापलं काम करतात. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखं समजा. प्रत्येकाचा आवाज वेगळा, पण मंडळ एक.

यातली काही नावं बघा. एमसी मवाली म्हणजे अकलेश सुतार. एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार. १०० आरबीएच म्हणजे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर. हे नाव पहिल्यांदा वाचल्यावर डोकं खाजवावं लागतं. पण शंभरचा ‘सौ’ घ्या, पुढे इंग्रजीतली आर, बी, एच ही अक्षरं लावा. झालं ‘सौरभ’!

आता भाषेचं बघू. तोडफोडची ओळख होती गुजराती रॅप. १०० आरबीएचच्या रॅपमध्ये मराठी येते, हिंदी येते आणि बोलण्यातला वऱ्हाडी ठसका लपत नाही. एका गाण्यात एक जण हिंदीत सुरू करतो, दुसरा मराठीत पुढे नेतो, तिसरा गुजरातीत संपवतो. कुणी कुणासाठी भाषा बदलत नाही.

ऐकायला हे विचित्र वाटेल. पण लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर बसून पाच मिनिटं कान उघडे ठेवा. एक काका गुजरातीत फोनवर भाव विचारतायत, दोन मुली मराठीत ऑफिसच्या बॉसला शिव्या घालतायत, दारातली पोरं बम्बईया हिंदीत भांडतायत. मुंबई अशीच तर बोलते. ‘स्वदेसी’नं तेच रेकॉर्ड केलं.

मृदंगवाल्यानं शिकवलेली गंमत

‘स्वदेसी’च्या प्रवासात एक माणूस फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे विवेक राजगोपालन. मृदंग वाजवणारा, कर्नाटक संगीतात मुरलेला कलाकार.

कर्नाटक संगीतात ‘कोन्नक्कोल’ नावाचा प्रकार आहे. तबलजी जसे बोल तोंडानं म्हणून दाखवतात, तसंच. त-क-धि-मि असे बोल, पण इतक्या वेगात आणि इतक्या हिशोबात की ऐकणाऱ्याचं बोट मोजताना चुकावं. म्हणजे ताल हातानं न वाजवता जिभेनं वाजवायचा.

विचार केला तर रॅपही तेच आहे. ठरावीक मात्रांमध्ये किती अक्षरं बसवायची, कुठे थांबायचं, समेवर कसं यायचं, हाच खेळ. राजगोपालन यांनी ‘ता धोम प्रोजेक्ट’ सुरू केला आणि ‘स्वदेसी’च्या पोरांना हे तालाचं गणित शिकवलं. पोरांनी त्यावर आपले शब्द बसवले.

अमेरिकेतून आलेला रॅप आणि आपलं शेकडो वर्षांचं संगीत असं मिसळलं. ते ‘फ्युजन’च्या नावाखाली मागे उगाच सतार वाजवण्यासारखं नव्हतं. पायाच बदलला होता.

‘गल्ली बॉय’ आणि ‘इंडिया ९१’

१४ फेब्रुवारी २०१९ ला झोया अख्तरचा ‘गल्ली बॉय’ थिएटरमध्ये आला. रणवीर सिंगचा मुराद, आलियाची सफीना, सिद्धांत चतुर्वेदीचा एमसी शेर. पुढे सिनेमाला १३ फिल्मफेअर मिळाले आणि भारतानं तो ऑस्करलाही पाठवला.

या सिनेमात ‘इंडिया ९१’ नावाचं गाणं आहे. संगीत विवेक राजगोपालन यांचं आणि रॅपरच्या यादीत तोडफोड आणि १०० आरबीएच. ९१ म्हणजे आपल्या देशाचा फोनचा कोड. ‘ता धोम’मधली बोलांची ती जादू या गाण्यात नीट ऐकू येते. रणवीरनं गायलेली गाणी जास्त वाजली, हे ‘इंडिया ९१’ थोडं मागे राहिलं. पण ज्यांनी हिपहॉप जवळून ऐकलंय, ते हे गाणं आवर्जून लावतात.

आता इथून पुढचा रस्ता सोपा होता. बॉलिवूडचं दार उघडलेलं. रॅपरला जाहिराती मिळायला लागल्या होत्या, मोठ्या म्युझिक कंपन्या वस्त्यांमध्ये पोरं शोधत फिरत होत्या.

आणि याच वर्षी ‘स्वदेसी’नं जे गाणं काढलं, ते होतं ‘द वारली रिव्हॉल्ट’.

आरेत काय चाललं होतं?

हे गाणं समजून घ्यायचं तर आरेचा विषय पटकन उजळून घेऊ.

गोरेगावची आरे कॉलनी म्हणजे दूध कॉलनी, हे आपल्याला माहीत असतं. पण तिथे २७ आदिवासी पाडे आहेत, हे मुंबईत राहूनही अनेकांना माहीत नसतं. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजाचे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. शहर त्यांच्याकडे आलं, ते शहरात आले नाहीत.

मेट्रो ३, म्हणजे कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी लाईन. तिच्या गाड्या उभ्या करायला कारशेड हवी होती आणि जागा ठरली आरेची. त्याला विरोध झाला. कोर्टकचेऱ्या झाल्या, रविवारी माणसांच्या साखळ्या झाल्या.

या सगळ्यात ‘स्वदेसी’नं काय केलं? पाड्यावरच्या माणसाला माईक दिला. आरेतल्या केलटीपाड्यावर राहणारे प्रकाश भोईर हे आदिवासी कार्यकर्ते आणि गायक. ‘द वारली रिव्हॉल्ट’मध्ये ‘स्वदेसी’च्या रॅपसोबत आवाज आहे तो प्रकाश भोईर यांचा.

आदिवासींवर गाणी करणारे पुष्कळ असतात. आदिवासीसोबत गाणं करणारे कमी. फरक छोटा वाटतो, पण सगळी गोष्ट तिथेच आहे.

नावही उगाच नाही. ‘वारली रिव्हॉल्ट’ म्हणजे वारल्यांचा उठाव. १९४५ मध्ये तलासरी-डहाणू भागात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यात मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सगळा लढा आहे. पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. ‘स्वदेसी’च्या पोरांनी गाण्याच्या नावात तो धागा थेट आरेपर्यंत आणला.

आणि मग ती रात्र

गाणं आलं, गाजलं. पण झाडं वाचली का?

४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई हायकोर्टानं आरेसंबंधीच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. बातमी पसरली तशी माणसं आरेकडे धावली. पोलिसांनी रस्ते बंद केले, २९ जणांना अटक केली. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं ‘आहे ती स्थिती ठेवा’ असा आदेश दिला. तोपर्यंत २,१४१ झाडं पडली होती.

पुढचं राजकारण तुम्हाला आठवत असेल. ठाकरे सरकारनं कामाला स्थगिती दिली, आरेची ८०० एकर जागा जंगल म्हणून जाहीर केली आणि कारशेड कांजूरमार्गला हलवायची ठरवली. २०२२ मध्ये शिंदे सरकार आलं आणि कारशेड पुन्हा आरेत आली. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मेट्रो कॉर्पोरेशनला दहा लाखांचा दंड ठोकला. कारण परवानगी ८४ झाडांसाठी मागायची होती आणि त्यापेक्षा जास्त झाडं तोडायचा अर्ज दुसरीकडे केला गेला होता. पण त्याच आदेशात कोर्टानं १७७ झाडं काढायची परवानगीही दिली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत गेली.

म्हणजे गाण्यानं कारशेड थांबवली नाही. हे सरळ मान्य केलेलं बरं, कारण ‘एका गाण्यानं क्रांती झाली’ टाइप गोष्टी व्हॉट्सॲपवर छान वाटतात, खऱ्या नसतात. पण आपण ज्या मेट्रोनं जातो, तिची किंमत कुणीतरी मोजली आणि त्याची नोंद एका मराठी रॅपमध्ये आहे. सरकारी फायलीत झाडांचा आकडा सापडेल. पाड्यावरच्या माणसाचा आवाज सापडणार नाही. तो गाण्यात आहे.

‘चेतावनी’

२०२० मध्ये ‘स्वदेसी’चा ‘चेतावनी’ हा अल्बम आला. त्याच वर्षी ‘क्रांती हवी’ हे गाणंही आलं. नावांवरूनच कळतं की पोरांचा सूर बदलला नव्हता.

रॅपमध्ये सहसा कसं असतं? माझी गाडी, माझी चेन, माझे दुश्मन, मी कुठून आलो आणि आज कुठे पोहोचलो. यात चुकीचं काही नाही. ज्याच्याकडे कधी काही नव्हतं, त्यानं मिळालेलं मिरवलं तर हरकत कसली? पण ‘स्वदेसी’च्या गाण्यात ‘मी’पेक्षा ‘आपण’ जास्त येतं. जात, पाणी, जमीन, पोलीस, सत्ता. हे विषय घेतले की जाहिराती मिळत नाहीत, हे त्यांना माहीत नसेल असं नाही.

२० मार्च २०२२

८ मार्च २०२२ ला तोडफोडचा पहिला सोलो अल्बम आला. नाव ‘ट्रुथ अँड बेस’, काढला होता दिल्लीच्या ‘आझादी रेकॉर्ड्स’नं.

आणि बाराच दिवसांनी, २० मार्चला, तो गेला. वय फक्त २४.

त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला तो ‘स्वदेसी मेळा’त, म्हणजे स्वतःच्याच ग्रुपनं भरवलेल्या मेळ्यात, आपल्याच माणसांसमोर. बातमी आली तेव्हा रणवीर सिंग, सिद्धांत चतुर्वेदी, झोया अख्तर यांनी इन्स्टावर श्रद्धांजली वाहिली. बातम्यांचे मथळे होते, ‘गल्ली बॉय रॅपरचं निधन’.

यातच सगळं आलं. ज्या पोरानं गुजराती भाषेत रॅप रुजवायला इतकी वर्षं घालवली, मृदंगाच्या बोलांवर शब्द बसवले, मित्रांसोबत ग्रुप वाढवला, त्याची ओळख मथळ्यात उरली ती एका सिनेमातल्या एका गाण्यापुरती. मथळा खोटा नव्हता, पण अपुरा होता. त्याची ओळख करून घ्यायची असेल तर ‘ट्रुथ अँड बेस’ ऐका. कळत नसेल तरी ऐका. ठेका कळतो.

घाटकोपरचा यात काय संबंध?

मेट्रोचा संबंध आलाच. पण अजून एक आहे आणि तो जुना आहे.

घाटकोपरला चिराग नगर आहे. अण्णाभाऊ साठे इथल्याच झोपडीत अनेक वर्षं राहिले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मिळून ‘लाल बावटा कलापथक’ काढलं. चौकात, गिरणीच्या गेटवर, मैदानात ते डफ घेऊन उभे राहायचे आणि जे पेपरात येत नाही ते गाऊन सांगायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी गावंच्या गावं जागी केली.

याच घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ ला तिथे पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. ते सहन न होऊन चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धन यांची ‘जय भीम कॉम्रेड’ ही फिल्म तिथूनच सुरू होते.

‘स्वदेसी’ म्हणजे लाल बावटा कलापथक नव्हे. काळ वेगळा, विचार वेगळे, वाद्यं वेगळी. पण ग्रुप करून फिरायचं, लोकांच्या भाषेत बोलायचं आणि ज्याचा प्रश्न आहे त्यालाच सोबत घेऊन गायचं, ही पद्धत ओळखीची वाटते. ‘हे रॅप-बिप आपल्या संस्कृतीतलं नाही’ असं कुणी म्हटलं, तर त्याला चिराग नगरचा पत्ता द्यायला हरकत नाही.

आता पुढे?

तोडफोड गेल्यावर ‘स्वदेसी’ संपेल असं अनेकांना वाटलं होतं. तसं झालं नाही. १०० आरबीएच २०२३ मध्ये एमटीव्हीच्या ‘हसल’ या रॅप शोच्या तिसऱ्या सीझनमध्ये उतरला. जातीबद्दल, माणसाच्या किमतीबद्दलचं त्याचं रॅप तिथून घराघरात गेलं. ज्यांनी ‘स्वदेसी’चं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनी त्याचे रील शेअर केले. अमरावतीचा पोरगा, टीव्हीवर, आपल्याच ठसक्यात.

डिवाइन किंवा एमीवेसारखे कोट्यवधी व्ह्यूज ‘स्वदेसी’ला मिळाले नाहीत. पण करिअर मोजायची पट्टी फक्त व्ह्यूजची असते का, हा प्रश्न या ग्रुपनं समोर ठेवलाय.

पुढच्या वेळी घाटकोपरहून आरेला जाल, तेव्हा मरोळ नाक्याला मेट्रो बदलताना कानात ‘द वारली रिव्हॉल्ट’ लावा. तीन स्टेशनं आहेत. स्टेशनबाहेर आल्यावर समोर जी झाडं दिसतील, ती उरलेली आहेत, हे लक्षात राहील.